सेक्रेटरीनबाईचा बायोडाटा

दुधाच्या कॅनचं झाकण उघडलं की राजेश्वरी आधी नाक पुढं करायची, डोळे मागनं. न धुतलेल्या बादलीचं दूध, सुजून दगडी व्हायला लागलेल्या कासेचं दूध, कालचं संध्याकाळचं आजच्या सकाळच्यात दडपून आणलेलं दूध, हे सगळं मशीनच्या आधी तिच्या नाकाला कळायचं. वाकणवाडीत लोक म्हणायचे, एक वेळ मशीन बिघडलं तर चालंल, पण सेक्रेटरीनबाईला सर्दी व्हायला नको.

आता ती सेक्रेटरीनबाई कशी झाली, ते सांगतो. काष्टीपासून दोन कोसांवर वाकणवाडी. राजेश्वरी मूळची भंडारदऱ्याकडची, डोंगरातली. बारावी झाली आणि एकोणिसाव्या वर्षी ह्या सपाट रानात नांदायला आली. नवरा अजिनाथ. माणूस वाईट नाही. जनावरातला जाणता, शनिवारच्या काष्टीच्या बाजारात त्याला मान. पण पहाटे पाचला उठणं हे त्याच्या पत्रिकेतच नव्हतं. गावात दूध सोसायटी निघाली तेव्हा पंचांनी त्यालाच सचिव केलं, कारण पुरुषमाणूस, शिकलेला, आणि संकलनाला खोली त्यांचीच. पहिले दोन महिने तो कसाबसा उठला. तिसऱ्या महिन्यात एका पहाटे गोधडीतनंच म्हणाला, "जा तू. लिटर मोजायचं, नळी बुडवायची, आकडा ल्हायचा. त्यात काय हाय?"

त्यात काय आहे, ते बघायला तो पुढं अकरा वर्षं उठला नाही.

कॅनबरोबर रोज दोन वेळा चलन जायचं. किती लिटर, किती फॅट, किती डिग्री म्हणजे दूध किती घट्ट, आणि खाली सचिवाची सही. पहिल्या दिवशी राजेश्वरीनं गाडीवाल्याला थांबवून आत विचारलं, "अहो, सही?" आतून उत्तर आलं, "कर की तूच. सही सहीच असती." तिनं 'अजिनाथ' असं लिहिलं. गरगरीत पोटाचा अ, शेवटच्या थ ला लांब शेपटी, खाली एक रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तेच. हिशेब धरला तर सह्या आठ हजारांच्या घरात जातात. बँकेचं कार्ड घरी भरायला आलं, त्यावरही तिचीच सही गेली. पुढं एकदा अजिनाथ स्वतः बँकेत गेला, तर खिडकीतला माणूस म्हणाला, "सही जुळत नाही." अजिनाथ म्हणाला, "थांबा जरा. माजी सही घरी हाय, घिऊन येतो."

हे वाकणवाडी अजून सांगते आणि अजून हसते. अजिनाथही हसायचा. त्याला गावानं 'सेक्रेटरी' म्हणायला सुरुवात केली होती आणि तेवढ्यावर तो खूश होता.

गेल्या दिवाळीला संकलन केंद्र बंद पडलं. डेअरीवाल्यांनी सांगितलं, एवढ्याशा दुधासाठी गाडी वस्तीत येणार नाही, तुम्ही फाट्यावर आणून घाला. खोलीतलं मशीन गेलं, कॅन गेले, भिंतीवर फॅटच्या दरांचा तक्ता तेवढा राहिला. अजिनाथला जनावरांच्या टेम्पोचा धंदा होताच. राजेश्वरी कांदे काढायला जायला लागली. कांद्याचं काम काही हलकं नाही की हीन नाही, पण कांद्याला काही विचारावं लागत नाही. नुसता उपटायचा. तिचं नाक रिकामं बसलं होतं, तेच तिला सोसत नव्हतं.

अशात काष्टी रस्त्यावरच्या शीतकरण केंद्राची, म्हणजे गावभाषेत चिलिंगची, जाहिरात मोबाईलवर फिरत आली. 'महिला दूध तपासनीस पाहिजे. बारावी पास. दूध संकलनाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. शेतकऱ्यांशी बोलण्याची हातोटी. पहाटे साडेपाचला हजर राहण्याची तयारी. बायोडाटा व अनुभवाचा दाखला घेऊन गुरुवारी सकाळी अकराला भेटावे.'

राजेश्वरीनं ती चार वेळा वाचली. मग ट्रंकेतनं बायोडाटा काढला. तिच्याकडं बायोडाटा होता. एक नाही, बारा. मागं पेट्रोल पंप, मुलींचं वसतिगृह आणि एका कापडदुकानासाठी काष्टीच्या स्टँडजवळच्या एडविनच्या दुकानातनं पंधरा प्रती काढून आणल्या होत्या. पंधरा काढल्या की एक फोटो फुकट. तीन प्रती तीन ठिकाणी गेल्या, त्या काही परत बोलल्या नाहीत.

शेजारची दगडाबाई ओट्यावर बसली होती. सत्तरीची म्हातारी, दोन गाया राखायची, अकरा वर्षं हिच्या केंद्राला दूध घातलेली.

"वाच गं मोट्यानं," ती म्हणाली. "आमाला कळू दे, सेक्रेटरीनबाई कागदावर कशी दिसती."

राजेश्वरीनं वाचलं. "मी एक होतकरू, मेहनती व प्रामाणिक उमेदवार असून मिळालेल्या संधीचे सोने करीन. नाव, पत्ता, जन्मतारीख. धर्म, जात. उंची पाच फूट एक इंच. व्यवसाय, गृहिणी. अनुभव, निरंक. छंद, वाचन, संगीत ऐकणे, क्रिकेट."

"निरंक म्हंजी?"

"म्हंजी काईच न्हाई."

दगडाबाईनं तोंडातली मशेरी थुंकली. "आन किरकेट कवा खेळतीस तू? कांदं काडताना?"

"ते एडविनभाऊच्या फायलीत हुतं. म्हनले राहू द्या, समद्यांचं त्येच असतं."

"आगं, पन दूध कुठं हाय ह्यात?" म्हातारी म्हणाली. "अकरा वर्सं मी तुला दूध घातलं, त्ये काय वढ्यात वतलं का? ह्या कागदातली बाई मला म्हाईत न्हाई बाबा. ही कुनाची कोन हाय?"

राजेश्वरीनं कागदाकडं बघितलं. फोटो तिचाच होता. बाकी म्हातारी म्हणत होती ते खरं होतं.

सोमवारी ती एडविनच्या दुकानात गेली. एडविनचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर. त्यानं स्वतः वीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. टायपिंगचं यंत्र भंगारात गेलं तेव्हा तिथंच कॉम्प्युटर आणि झेरॉक्स मांडला. शनिवारी बाजाराला त्याला मान वर करायला फुरसत नसते. त्या गर्दीत जो येईल त्याच्यासाठी जुनी फाईल उघडायची, नाव बदलायचं आणि छापायचं. तालुक्यातली निम्मी पोरं-पोरी अशी क्रिकेट खेळत होती.

"एडविनभाऊ, ह्यात माजं काईच न्हाई," राजेश्वरीनं बारा प्रतींचा गठ्ठा त्याच्यापुढं ठेवला.

एडविननं चष्मा कपाळावरनं खाली घेतला. वाचलं. माणूस प्रामाणिक, लगेच ओशाळला. "शनिवारचं काम हे, वहिनी. शनिवारी मी माणूस नसतो. बसा. आज सोमवार हाय." मग जाहिरात मागून घेतली आणि ती नीट दोनदा वाचली. "मला सांगा, तुमचे मालक बाजारात गाय विकायला उभी करतात. दुधासाठी घेणारा आला, तर त्याला काय दाखवतात?"

"कास. सड. पिळून दाखवत्यात."

"आणि शिंगं रंगवून, गळ्यात घुंगरं घालून उभी केली तर?"

"त्यो हसंल की. त्याला काय पोळ्याला न्यायची हाय का?"

"मग हे काय हाय?" एडविननं गठ्ठ्यावर टिचकी मारली. "उंची, छंद, संधीचं सोनं. शिंगंच रंगवलीत मी तुमची. गाय तीच असती वहिनी, पण घेणारा बघून बाजू फिरवावी लागती. आता ह्या चिलिंगवाल्याला काय पायजे, ते त्यानं स्वतःच लिहून दिलंय. एकेक वाचतो. तुमी फक्त आठवायचं. पहाटे साडेपाच."

"पाचला कुलूप काढायची मी. अकरा वर्सं."

"खाडे?"

राजेश्वरीनं विचार केला. "तीन. दोन बाळंतपनाचे, पोरगी झाली तवा. तवा सासूनं बघितलं. आन एक मला साप चावला हुता तवा."

"घरात कुणी वारलं तेव्हा?"

"वडील गेल्याचा निरोप पाटं चारला आला. कॅन गाडीत चढवलं आन मग यष्टी धरली. त्यो खाडा कसला?"

एडविननं तिच्याकडं बघितलं. टाइप केलं. "शेतकऱ्यांशी बोलण्याची हातोटी."

"हातोटी म्हंजी भांडनं का?"

"भांडणं झाली तर ती मिटवणं."

मग तिनं बाबाजानची गोष्ट सांगितली. कालव्याकडेच्या बाबाजानच्या चार गाया. फॅट रोज तीन-एकच्या, म्हणजे तीन पॉइंट एकच्या आसपास, आणि तो रोज खिडकीशी उभा राहून ओरडायचा, बाई, माझ्या गायांनी तुमच्या मशीनचं काय घोडं मारलंय? आठवडाभर ऐकून घेतलं. मग एका दुपारी ती त्याच्या गोठ्यात गेली. बघते तर गव्हाणीत नुसतं उसाचं वाढं. हिरवंगार, गाया मिटक्या मारत खातायत, आणि फॅट पळालेलं. तिनं सांगितलं, चाचा, निम्मं वाढं, निम्मा कडबा, आणि वर मूठभर क्षारांची पावडर. तीन आठवड्यांत फॅट तीन-सहा. त्या ईदला बाबाजान शीरखुर्म्याचा डबा घेऊन स्वतः आला, आणि तेव्हाही म्हणाला, मशीन मात्र तुमचं खोटंच हाय.

एडविन हसला. "हे घालतो. पण शीरखुर्मा न्हाई घालत. गोठ्यात जाऊन चारा बघितला, बदल सुचवला, फॅट तीन-एकवरनं तीन-सहावर आलं. पुढं. भेसळ."

"पंचांपैकी एकाच्या भावानं दुधात साखर घातली हुती, डिग्री वाडवायला. मी दूध परत केलं. चार दिस घरी कुनी बोललं न्हाई माज्याशी."

"कुणी?"

"ह्यांनी," ती म्हणाली. एडविननं तेही टाइप केलं.

पान भरत आलं. धर्म-जात गेली, उंची गेली, क्रिकेट गेलं. जे उरलं ते वाचताना राजेश्वरीला कसंतरीच झालं. आपलं धुणं कुणीतरी चव्हाट्यावर वाळत घालावं आणि ते स्वच्छ निघावं, तसं काहीतरी. मग एडविनची बोटं थांबली.

"आता खरा घोळ. अनुभव. सोसायटीच्या कागदावर सचिव कोण?"

"त्येच की. अजिनाथ."

"तुमचं नाव कुठंच न्हाई?"

"कुठं असनार?"

"मग असं लिहू का, पतीच्या कामात मदत केली?"

"मदत?" राजेश्वरीचा आवाज चढला. "मदत त्यांनी केली. दोनदा. एकदा कॅन उचलू लागले आन एकदा उंदीर मारला."

"बरं, मग सचिवच लिहितो. राजेश्वरी, सचिव. कोण बघतंय?"

तिनं नकाराची मान हलवली. मग म्हणाली, "भाऊ, बाजारात काही लोक दोन टाईम गाय पिळतच न्हाईत. कास तटतटून फुगू देत्यात आन मग उभी करत्यात. गिऱ्हाईक घरी नेतं आन दुसऱ्या दिवशी शिव्या घालतं. मला तसलं नको."

एडविननं मान डोलावली. "कास दाखवायची, तुंबवायची न्हाई. खरं हाय." मग त्यानं सावकाश एक वाक्य टाइप केलं आणि वाचून दाखवलं. 'वाकणवाडी दूध संकलन केंद्राचे सर्व दैनंदिन काम मी अकरा वर्षे केले. कागदोपत्री सचिव माझे पती होते.' "ह्याला मालकांचा दाखला लागंल. त्यांच्या सहीचा. मसुदा मी देतो. पण ते देतील का?"

ते राजेश्वरीलाही माहीत नव्हतं.

अजिनाथ संध्याकाळी टेम्पो धुऊन आला, चहा घेतला, आणि बाजेवर बसून दोन्ही कागद वाचले. हळूहळू वाचले, ओठ हलवत. वाचून झाल्यावर चष्म्याच्या काड्या मिटत बसला.

"ह्यावर मी सही करायची?"

"व्हय."

"की समदं काम हिनं केलं म्हनून."

"खोटं हाय का?"

"खोटं न्हाई गं." त्यानं कागद मांडीवर ठेवला. "पन उद्या कुनी इचारलं, मंग अजिनाथ, तू काय केलं अकरा वर्सं? तर काय सांगू?"

तिच्या जिभेवर उत्तर तयार होतं, दगडाबाई असती तर तिनं ते दिलंही असतं. पण त्याचं तोंड बघून ती थांबली. तो पुढं म्हणाला, "बाजारात मला लोक सेक्रेटरी म्हनत्यात. टेम्पोवाला असं कुनी म्हनत न्हाई. ह्ये सेक्रेटरी... तेवडंच हाय बग माज्याकडं. ते बी माजं न्हाई असं कागदावर ल्हून देऊ?"

"तुमाला सेक्रेटरी म्हनायचं ते म्हनतील लोक. मी काय त्यांच्या घरी कागद वाटायला जानार हाय?"

"चिलिंगात जाईल की. चिलिंगात गेलं म्हंजी तालुक्यात गेलं."

तो उठून गोठ्याकडं गेला आणि लांबपर्यंत बाहेरच राहिला. राजेश्वरीनं दाखला उचलला नाही. तसाच बाजेवर ठेवला. तिला वाटलं असतं तर ती ती सही झोपेतही करू शकत होती. आठ हजार झाल्या होत्या, एक आणखी. पेनही जवळच होतं. पण ह्या एका कागदावर ती करायला तिचा हात उचलेना.

सकाळी चहाच्या भांड्याखाली दाखला होता. सही झालेली. आखडलेला, पाय लांब केलेला अ, मधेच मोडलेला ज, आणि खाली रेघ नाही की टिंब नाही. अजिनाथ दारात बूट घालत होता.

"तुलाच करायला लावनार हुतो," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "पन म्हनलं, ह्याच्यावर तरी माजी मी करावी."

एवढं बोलून तो टेम्पो घेऊन गेला. तिनं चहा ओतला आणि तो निवून जाईस्तोवर कागदाकडं बघत राहिली.

गुरुवारी चिलिंगच्या व्हरांड्यात आठ बायका-पोरी बसल्या होत्या. मुलाखत घ्यायला फरहीन मॅडम. नगरची पोरगी, दूधशास्त्र शिकलेली, तिशीच्याही आतली, पांढऱ्या कोटातली. प्रयोगशाळा तिच्याच हाताखाली. दार उघडंच होतं, आतलं बाहेर ऐकू यायचं. पहिलीला तिनं विचारलं, "छंद क्रिकेट?" पहिली म्हणाली, "व्हय मॅडम." तिसरीलाही तेच. पाचवीला मॅडमनं विचारलं, "ह्या तालुक्यात बायकांची टीम आहे का? बॉलिंग कोण करतं?" पाचवी रडकुंडीला आली. राजेश्वरीनं मनातल्या मनात एडविनचे आभार मानले आणि त्याला शिव्याही घातल्या.

तिचा नंबर आला. फरहीन मॅडमनं तिचं पान हातात घेतलं आणि बाकीच्यांचं वाचायला लागला त्याच्या तिप्पट वेळ घेतला. मधे एकदा भुवया वर गेल्या. "नुसतं वाढं? तीन-एकवरून तीन-सहा?"

"कडब्यानं, मॅडम. क्षारांची पावडर बी दिली."

"हं." आवाजात काहीतरी सैल झालं होतं. मग तिनं दाखला घेतला. एकदा बघितला, पुन्हा बघितला, आणि उठून कपाटातनं एक फाईल आणली. वाकणवाडीची. केंद्र बंद पडेपर्यंतची शेवटची दोन वर्षं वाडीचं दूध ह्याच चिलिंगला येत होतं. चलनं त्यात लावलेली होती. मॅडमनं एक पान उघडून दाखल्याशेजारी ठेवलं.

"ह्या सचिवांना मी कधी पाहिलं नाही," ती म्हणाली, "पण सही मला पाठ आहे. दोन वर्षं रोज बघितली आहे. हा अ बघा. ही रेघ, ही टिंबं. आणि हे तुम्ही आणलंय ते बघा. ही त्यांची सही नाही, ताई."

राजेश्वरीनं दोन्ही सह्या बघितल्या. अजिनाथनं इतक्या वर्षांनी एक सही स्वतःच्या हातानं केली, आणि नेमकी तीच खोटी ठरली.

"पान चांगलं लिहिलंय तुम्ही," मॅडमनं दाखला बाजूला सारला. "पण खोटा दाखला आणलेल्या बाईच्या हातात मी दूध कसं देऊ? इथं तपासनीसाच्या सहीवर शेतकऱ्याचं सगळं अवलंबून असतं. तुम्ही जा. पुढच्यांना पाठवा."

राजेश्वरी उठली नाही. गप्प बसली तर खोटा दाखला आणणारी. बोलली तर अकरा वर्षं दुसऱ्याच्या नावानं सह्या मारणारी. दोन्हीकडनं आडच होता. पण एका आडात निदान पाणी खरं होतं.

"मॅडम, दाखल्यावरची सही त्यांचीच हाय," ती म्हणाली. "फाईलीतल्या माज्या हायेत."

"म्हणजे?"

"कागद द्या."

मॅडमनं कोरा कागद पुढं केला. राजेश्वरीनं पेन घेतलं आणि एका दमात काढलं, 'अजिनाथ', रेघ, दोन टिंबं. खाली परत एकदा. मॅडमनं चलनावर बोट ठेवलं, मग कागदावर, मग परत चलनावर.

"हे तुम्ही मला स्वतः सांगताय?" तिचा आवाज बारीक झाला. "की इथल्या सगळ्या सह्या खोट्या आहेत?"

"नाव त्यांचं हाय. सही माजी हाय. दूध माज्या हातानं तपासलेलं हाय," राजेश्वरी म्हणाली. तिची जीभ आता थांबत नव्हती. "ह्या कागदावर आमचं फॅट एका बाजूला आन तुमच्या मशीनचं दुसऱ्या बाजूला लिवलेलं असतं ना? त्यात माजं एक बी खोटं निगालं असंल तर मला दाखवा, मी जाते."

मॅडमनं फाईल मागनं पुढं चाळली. मग पुढनं मागं. बाहेरची एक पोरगी दारातनं डोकावून गेली.

"एका पॉइंटचा फरक," मॅडम शेवटी स्वतःशीच म्हणाली. "कुठं तोही नाही. बाकीच्या केंद्रांच्या आकड्यात चार-पाच पॉइंटांचा फरक असतो." मग फाईल मिटली आणि उठली. "या माझ्याबरोबर."

मागच्या धक्क्यावर नुकतीच एक गाडी उतरत होती. मॅडमनं तीन कॅन बाजूला काढायला लावले. राजेश्वरीनं पहिल्याचं झाकण उघडलं, नाक पुढं केलं, बंद केलं. "बरं हाय." दुसऱ्यापाशी ती जरा थांबली, परत वाकली. "ह्यात पानी न्हाई. पन कालचं संध्याकाळचं सकाळच्यात वतलंय. आता घेतलं तर दुपारपातूर नासंल आन टाकीबी नासवंल." तिसरं बरं होतं.

मॅडमनं दुसऱ्याचा नमुना आत नेला. आम्लता बघून आली तेव्हा तिनं तो कॅन परतीच्या रांगेत ठेवायला लावला. टेबलाशी आल्यावर म्हणाली, "तीन महिने कच्ची नेमणूक. मग बघू. आणि एक अट. इथं सही स्वतःच्या नावाची. दुसऱ्याच्या नावाची एक जरी दिसली, तर त्याच दिवशी घरी."

रुजू व्हायच्या अर्जावर राजेश्वरीनं आपली सही केली. बारावीच्या फॉर्मवर केली होती तशीच आली ती, शाळकरी, प्रत्येक अक्षर सुटं, र वर नको तितका जोर. अजिनाथची सही तिच्या हातातनं पाण्यासारखी वाहायची, आणि स्वतःचं नाव असं अडखळत, दगडावरनं उड्या मारत आलं. मॅडमनं बघितलं, पण हसली नाही.

घरी आल्यावर तिनं सगळं सांगितलं. सहीचं सांगितलं तेव्हा अजिनाथचा चेहरा पडला. आपण केलेली एक गोष्ट, तीही उलटी झाली. "म्हंजी चिलिंगात समद्यांना कळलं."

"कळलं. आन मॅडम म्हनल्या, तुमचं सेक्रेटरीचं दूध दोन वर्सं चोख हुतं."

"तुमचं म्हनल्या?"

"तुमचंच म्हनल्या," राजेश्वरी म्हणाली. तेवढं एक ती बाजारातल्या कासेसारखं तुंबवून बोलली. कुठं बोलायचं नाही हे तिला कळत होतं, तसं कुठं चालतं हेही.

पुढच्या आठवड्यात सोसायटी कायमची बंद करायचे कागद आले. सचिवाच्या सह्या पाहिजेत, चौदा ठिकाणी, दप्तरातल्या सहीशी जुळणाऱ्या. अजिनाथनं सवयीनं कागद तिच्यापुढं सरकवले. तिनं ते तसेच परत सरकवले.

"मला मनाई हाय. दुसऱ्याच्या नावानं केली तर नोकरी जाईल."

"आगं, पन माजी जुळंना की!"

"मंग शिका."

म्हणून आता वाकणवाडीत हे चित्र आहे. पहाटे पाचला सेक्रेटरीनबाई डबा घेऊन काष्टी रस्त्याला लागते, आणि तिच्या जाण्यानं झोप मोडलेला अजिनाथ उंबऱ्यात बसतो. मांडीवर पाटी, पाटीवर एडविनकडनं परत आणलेले ते जुने बारा बायोडाटे, कोरी बाजू वर. समोर एक जुनं चलन. त्यावर बघून तो सही गिरवतो. दगडाबाई येता-जाता विचारते, "कितवी हाय रं पोरा?" तो पुढची गिरवायला घेतो.

रविवारी राजेश्वरी घरी होती. त्यानं भरलेला कागद तिच्यापुढं धरला. थ ची शेपटी जमली होती, टिंबंही जागेवर होती. अ तेवढा अजून बसत नव्हता.

"ह्या अ ला एवढं पोट कशाला दिलं गं तू?" तो वैतागून म्हणाला.

राजेश्वरी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"समोर गोधडीत झोपलेलं दिसायचं," ती म्हणाली. "बगून बगून काडलंय."